'काही नाही'ची कुळकथा: झीरो, सायफर, निल, नॉट आणि नल

खडूफळा

इंग्रजीला 'काही नाही' म्हणायला एक शब्द कधी पुरलाच नाही. फलंदाज भोपळा न फोडता परतला की डक, फुटबॉलला निल, टेनिसला लव्ह, फोन नंबर सांगताना नुसतं ओ, बोलणारा ब्रिटिश असेल तर नॉट, प्रोग्रॅमरच्या तोंडी नल, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर झीरो. सगळे एका घरात नांदत असले तरी प्रत्येकाचं गाव वेगळं आहे.

झीरोचं गाव आपल्याकडचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण शाळेत सांगतात त्यात एक गोष्ट राहून जाते. 'शून्य' हा शब्द अरबांनी उचललाच नाही, त्यांनी त्याचा अर्थ उचलला. शून्य म्हणजे रिकामं. त्यांच्याकडे रिकाम्याला 'सिफ्र' होता, तोच त्यांनी या चिन्हाला लावून दिला. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने हिंदी अंकांवर पुस्तक लिहिलं (अल्गोरिदम हा शब्द याच गृहस्थांच्या नावावरून आला). पुढे पिसा शहरातला लिओनार्दो, म्हणजे आपल्या ओळखीचा फिबोनाची, वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणी अल्जीरियाच्या किनाऱ्यावर बुजीया बंदरात राहिला आणि तिथे हे अंक शिकला. १२०२ साली त्याने 'लिबेर अबाची' लिहिलं. त्यात सुरुवातीलाच तो म्हणतो की हिंदी लोकांची नऊ चिन्हं ही, आणि या नवांच्या जोडीला '०' हे चिन्ह, ज्याला अरबीत झेफिरुम म्हणतात. एवढ्यावर कोणतीही संख्या लिहिता येते.

नऊ आणि एक. दहा नव्हे. शून्याला अंकांच्या पंगतीत पान मांडलेलं नाही, ते वाढप्यासारखं वेगळं उभं आहे.

झेफिरुमचं इटालियनमध्ये झेफिरो झालं, ते झिजत झिजत झीरो. सोळावं शतक सरता सरता हा शब्द इंग्रजीत पोचला. पण त्याच्या कितीतरी आधी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, त्याच सिफ्रचं दुसरं रूप जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन बसलं होतं: सायफर. त्याचाही अर्थ सुरुवातीला शून्यच. मग 'कोणताही अंक', आणि गुप्त मजकूर अंकांनी लिहायची रीत पडल्यावर 'सांकेतिक लिपी'. आज बँकेच्या अॅपमध्ये आपला पासवर्ड ज्या सायफरने झाकला जातो, तो शब्द मुळात 'रिकामं' असा आहे.

बाकीच्या मंडळींबद्दल जाणकारांनी भर घालावी. मराठीत शून्याला काय काय म्हणतात तेही येऊ द्या.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो. धाग्याचा विषय आमच्या आयडीला धरून असल्याने येणं भागच होतं.

एक शंका. शून्याचा शोध आर्यभटाने लावला, तर रावणाची दहा तोंडं आणि शंभर कौरव कोणी मोजले? (हलके घ्या.)

आजी_ऑनलाईन

मराठीत शून्याला 'पूज्य' म्हणत, ते आताच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. आमचे वडील हिशेब तपासताना "इथलं एक पूज्य खाल्लंस" असंच म्हणायचे. आणि "त्याचं गणित पूज्य आहे" हे कौतुक नव्हे हो! नवीन सुनेला कोणी सांगितलं की तुझ्या नवऱ्याचं व्यवहारज्ञान पूज्य आहे, तर तिने खूश व्हायचं कारण नाही.

रानवाटा

@रिकामटेकडा, फॉरवर्ड जुना आहे, पण त्याचं उत्तर जुन्नरजवळ दगडात कोरलेलं आहे म्हणून लिहितो.

नाणेघाट चढून माथ्याला आलात की लेणं लागतं. लोक बाहेरच्या दगडी रांजणाशी फोटो काढतात, पाऊस आला की लेण्यात शिरून डबे उघडतात आणि भिंतीला पाठ टेकून बसतात. त्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. यज्ञांमध्ये काय काय दक्षिणा दिली त्याची यादी आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आकडे शेकड्यांत आणि हजारांत. आणि सबंध लेखात शून्य एकही नाही.

कारण दहाला स्वतंत्र खूण होती. विसाला वेगळी, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण चिकटवायची, झालं. रोमन लोक एक्स लिहून दहा मोजायचे तसंच. तेव्हा रावणाची तोंडं मोजणारा एक खूण करून मोकळा, शंभर कौरवांनाही एकच खूण. बोलायला तर काहीच अडत नव्हतं, दश आणि शत हे शब्द वेदांतही आहेत.

शून्याची गरज पडते ती या वेगळ्या खुणा टाकून देऊन, नऊच अंक घेऊन, त्यांना घरं वाटून दिली की. एकं, दहं, शतं. मग एखादं घर रिकामं राहिलं तर ते रिकामं आहे हे दाखवायला काहीतरी लागतं. दोनशे पाचमध्ये मधलं घर रिकामं ठेवून नुसती फट सोडली तर वाचणारा पंचवीस वाचेल.

अवांतर: अक्षरं आता बरीच पुसट झाली आहेत. लेण्यात चूल पेटवू नका एवढीच हात जोडून विनंती.

वाकडी_वाट

आर्यभटाचं श्रेय काढून घेण्याची अलीकडे फॅशनच आली आहे. शून्य आर्यभटाचंच.

खडूफळा

@वाकडी_वाट, श्रेय कोण काढतंय? आर्यभटीय इ.स. ४९९चं. त्यात 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्' असं स्वच्छ म्हटलंय, म्हणजे घरांची पद्धत त्याला पक्की माहीत होती. पण तो स्वतः संख्या अक्षरांत लिहितो, त्याच्या ग्रंथात शून्याचं चिन्ह सापडत नाही. शून्याला संख्या मानून बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले ते भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने, ६२८ साली. धन आणि तेवढंच ऋण मिळवलं की शून्य उरतं, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य, वगैरे. शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असंही त्याने लिहून ठेवलंय, ते पुढे टिकलं नाही.

दोघं आपलेच आहेत. एकाचं ताट दुसऱ्यापुढे सरकवायची गरज नाही.

वाकडी_वाट

आणि बख्शाली गावी सापडलेलं ते गणिताचं जुनं हस्तलिखित? कार्बन चाचणीने ते तिसऱ्या-चौथ्या शतकातलं ठरलंय, म्हणजे ब्रह्मगुप्ताच्याही आधीचं.

रानवाटा

त्याच्या एका पानाची तारीख २२४ ते ३८३ आली, बरोबर. पण त्याच चाचणीत दुसरी पानं कितीतरी नंतरची निघाली. २०१७ साली ऑक्सफर्डने हे जाहीर केल्यावर गणिताच्या इतिहासकारांनी आक्षेप घेतला की मजकूर सलग एका हातचा आहे, तर पानांची वयं काही शतकांनी वेगळी कशी? ते भांडण मिटलेलं नाही. हस्तलिखितात शून्य ठिपक्याने दाखवलंय, एवढं नक्की.

तारखेसकट ठणठणीत पुरावा हवा असेल तर ग्वाल्हेरला जा. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६चा लेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५०, दोन्हींत आजच्यासारखं वाटोळं शून्य. त्याहून जुना कंबोडियातला दगड आहे, शके ६०५चा, त्यात ठिपका. शके! आपला शालिवाहन शक तिथल्या दगडावर.

सई_ट

धागा फार आवडला. एक विचारू का? सिफ्रचा आणि आपल्या 'सफर'चा काही संबंध? शब्द रिकामा फिरत फिरत गेला म्हणून सफर, असं काहीतरी डोक्यात आलं.

दख्खनी

सईताई, कल्पना गोड आहे पण नाही. प्रवासाचा सफर 'सीन' या अक्षराने लिहितात आणि सिफ्र 'स्वाद'ने. आपल्याला दोन्ही 'स' सारखेच ऐकू येतात, अरबीत मात्र धातूच वेगळे होतात. हिजरी सालातल्या दुसऱ्या महिन्याचं नाव, सफर, ते मात्र 'स्वाद'चं, सिफ्रचं सख्खं. त्या महिन्यात लोक घरं रिकामी टाकून बाहेर पडत म्हणून ते नाव पडलं, असं परंपरेने सांगतात.

उर्दूत शून्याला आजही सिफर म्हणतात. गंमत म्हणजे तोच शब्द युरोपाला वळसा घालून परत आलाय. पाकिस्तानात इम्रान खान यांच्यावर 'सायफर' खटला चालला, परराष्ट्र खात्याच्या गुप्त तारेवरून. उर्दू वर्तमानपत्रांत तो सायफर असाच छापून येत होता. आमच्या घरी जुने लोक त्यावर हसायचे, म्हणायचे एवढा खटला कशावर, तर सिफरवर.

राईनकाठ

जर्मनीत झिफर म्हणजे अंक आणि शून्याला नुल. 'मला काही कल्पना नाही' याला पोरं 'नुल आनुंग' म्हणतात, शब्दशः शून्य कल्पना. आणखी एक, जुन्या हॉटेलांत दारावर ०० दिसलं तर ती खोली समजून सामान घेऊन आत शिरू नका. ते शौचालय असतं. खोल्यांना १ पासून नंबर दिले, त्या खोलीला नंबर नाही, म्हणून दोन शून्यं.

नुल आणि इंग्रजी नल एकच, लॅटिन नुल्लुस. 'ने' म्हणजे नाही, 'उल्लुस' म्हणजे कोणताही. कोणताही नाही.

बीजांकुर

निलबद्दल मी लिहिते, कारण तो माझ्या विषयातून जातो.

निल म्हणजे लॅटिन निहिल आखडून. निहिलची फोड 'ने' आणि 'हिलुम'. हिलुम म्हणजे क्षुल्लक, नगण्य वस्तू. रोमन काळातच विद्वानांना प्रश्न पडला होता की ही नेमकी कोणती वस्तू, आणि त्यांनी दिलेलं एक उत्तर असं की घेवड्यासारख्या शेंगेच्या दाण्याला चिकटलेला जो बारीक अंश असतो, तो. वनस्पतिशास्त्रात आम्ही हा शब्द अजून वापरतो. दाणा शेंगेला जिथे देठाने जोडलेला असतो तिथे दाणा सुटल्यावर वण राहतो, त्या वणाचं नाव हायलम.

बघायचं असेल तर रात्री भिजवलेली चवळी घ्या. काळ्या डोळ्याच्या मध्ये एक लांबट पांढुरकी खाच दिसेल. तेच हायलम. तिच्या एका टोकाला अगदी बारीक भोक असतं. दाण्याला चिमटा काढला की कधीकधी तिथून पाण्याचा थेंब येतो. तर निल म्हणजे एवढंसुद्धा नाही.

जुना_मुनीम

व्वा! हे वाचून आपले शब्द आठवले. आपणही नाही म्हणताना हातात काहीतरी बारीकसारीक धरतो: तिळमात्र नाही, कणभर नाही, तसूभर सरकला नाही, काडीची अक्कल नाही, फुटकी कवडी देणार नाही, छदाम मिळाला नाही. आणि संस्कृतचा आव आणून सभ्यपणे शिवी द्यायची तर 'शष्प कळत नाही'. शष्प म्हणजे कोवळं गवत, बाकीचा अर्थ ज्याचा त्याने काढावा.

फ्रेंचमध्ये हेच झालंय. त्यांचा नकाराचा 'पा' मुळात पाऊल. मी पाऊलभरही चालत नाही, यातला पाऊल पुढे कोणत्याही क्रियापदाला लागायला लागला आणि आता बोलताना नकाराचा मूळ शब्द गाळून नुसत्या पावलावर नाही म्हणतात.

पेढीवरची एक गोष्टही सांगतो. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने जमाखर्चात हे नवे अंक वापरायला बंदी केली, रक्कम अक्षरांत किंवा रोमन आकड्यांत लिहा म्हणाले. शून्याला शेपूट काढलं की सहा होतो, नऊ होतो, हे कारण सहसा सांगतात. मला ते पटतं. आमच्याकडे हुंडीवर रक्कम अक्षरांत लिहून वर 'निमे' म्हणून अर्धी रक्कम पुन्हा लिहायचे, ते उगाच नव्हे. चेकवर अजूनही अक्षरी रक्कम मागतातच की.

रिकामटेकडा

'ओ का ठो' राहिलं. शिवाय ठणठण गोपाळ आणि खिशातला खडखडाट. आमचं सगळं वाजतं! रिकाम्या वस्तूचा आवाज आम्ही ऐकतो, इंग्रज नुसता बघतो. अंड्यासारखं दिसलं म्हणून डक, बदकाचं अंडं.

सई_ट

मग टेनिसचा लव्हसुद्धा अंडंच ना? फ्रेंच 'लफ', असं वाचलंय सगळीकडे.

खडूफळा

सगळीकडे वाचायला मिळतं खरं, पण आधार काही सापडत नाही. खुद्द फ्रेंच लोक टेनिसमध्ये झीरोच म्हणतात. इंग्रजीत पैसे न लावता खेळण्याला 'फॉर लव्ह' खेळणं म्हणत, आणि पत्त्यांच्या खेळात शून्य गुणांना लव्ह हा शब्द टेनिसच्या आजच्या रूपाआधी, अठराव्या शतकातच रुळला होता. ते जास्त सरळ वाटतं. डकचं मात्र अंडं पक्कं. ब्रॅडमन १९४८ साली ओव्हलवर हॉलीजच्या दुसऱ्या चेंडूवर ते अंडं घेऊन परतला आणि सरासरी ९९.९४वर थांबली. तिथे चार धावा झाल्या असत्या तर शंभर.

नॉटबद्दल कोणीच लिहिलं नाही. जुन्या इंग्रजीत 'ना' आणि 'विख्त', म्हणजे नाही अधिक वस्तू. त्याचंच झिजून रोजच्या वापरातलं नकाराचं नॉट झालं. आणि त्याच्यापासून नॉटी! आधी अर्थ 'ज्याच्याकडे काही नाही असा', कंगाल. मग 'नालायक, दुष्ट', आणि शेवटी शेवटी लाडाने 'खोडकर'. बालवाडीतल्या बाई पोराला नॉटी म्हणतात तेव्हा तीनचारशे वर्षांपूर्वी ती चांगलीच जहरी शिवी झाली असती. याच नॉटचं काही लोक ऑट करतात. 'अ नॉट' घाईत म्हटलं की 'अॅन ऑट' ऐकू येतं आणि न मागच्या शब्दाला जाऊन चिकटतो. एप्रनही असाच पूर्वी नेप्रन होता.

डेटावाला

नलवर माझा हक्क आहे, रोज त्याच्याशी झटापट असते.

शून्य आणि नल एक नाही, हे नव्या मुलांना समजावताना मी पावसाची नोंद काढतो. समजा एका पर्जन्यमापकावर आठवडाभरात मिलिमीटरमध्ये १२, ०, ०, ८, कोरं, ४, ० अशी नोंद आहे. कोरं म्हणजे त्या दिवशी माणूस आलाच नाही. पाऊस पडला की नाही, कोणालाच माहीत नाही. आता कोणीतरी 'टेबल स्वच्छ' करताना त्या कोऱ्या घरात ० भरतो. सहा दिवसांची सरासरी ४ होती, ती सात दिवसांची ३.४ झाली. बरं, नंतर बघणाऱ्याला कधीच कळणार नाही की त्या दिवशी कोरडं होतं की मापकाकडे कोणी फिरकलं नव्हतं. एकदा हे पुसलं की पुसलं. एका कामात असा अख्खा जुलै महिना शून्यांनी भरलेला मिळाला होता. कोकणातला जुलै!

प्रोग्रॅमिंगमध्ये हा नल १९६५ साली संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी आणला, अल्गोल डब्ल्यू या भाषेत. घालणं सोपं होतं म्हणून घातला, असं ते पुढे म्हणाले, आणि २००९ साली एका भाषणात त्यांनी त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

आजी_ऑनलाईन

म्हणजे आमच्या हजेरीपटासारखं. गैरहजर मुलाची फुली वेगळी आणि ज्या दिवशी हजेरीच घेतली नाही तो रकाना वेगळा. मी शाळेत होते तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी कोरे रकाने भरण्याची लगबग चाले, ती आठवली.

डेटावाला

आजी, अगदी तेच. तुम्ही उद्यापासून आमच्याकडे या.

रानवाटा

भास्कराचार्यांना कोणी विचारलंच नाही. एखादी संख्या शून्याने भागली तर काय, याला ते 'खहर' म्हणतात. ख म्हणजे आकाश, म्हणून शून्य, आणि ते ज्याच्या छेदात आहे तो खहर. त्यात कितीही मिळवा, कितीही काढा, बदल होत नाही, असं बीजगणितात लिहिलंय. ब्रह्मगुप्ताला हा प्रश्न सुटला नव्हता, हे उत्तरही आजच्या गणितात तसंच्या तसं बसत नाही, पण पुढे सरकलं हे खरं.

चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. शके ११२८चा. बहुतेक भाग संस्कृत, पण शेवटी मराठी सुरू होते: 'इयां पाटणीं जें केणें उघटे'. या पेठेत जो माल उघडेल, विकायला निघेल, त्यावरच्या सरकारी कराचा वाटा मठाला दिला, असा तो हिशेब. म्हणजे गणिताच्या शिकवणीची फी पाटणचे गिऱ्हाईक भरत होते.

वाकडी_वाट

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे.

कोपरा_क्र_७

उशिरा आलो. झिरोच्या बल्बचं काय? आमच्या देवघरात वर्षानुवर्षं आहे, तो झिरो वॅटचा नसून पंधराच्या आसपास वीज खातो म्हणे. मग त्याला झिरो का म्हणतात?

जुना_मुनीम

जुन्या मीटरची तबकडी तेवढ्या विजेने हलत नसे, असं आमचा वायरमन सांगायचा. बिलात शून्य, म्हणून झिरो. आता इलेक्ट्रॉनिक मीटर सगळं टिपतात. एलईडी लावा, अर्ध्या वॅटचा मिळतो.

रिकामटेकडा

आणि व्हॉइड? करारात कायम 'नल अँड व्हॉइड' असतं. एकाने भागत नाही का वकिलांचं?

खडूफळा

वकिलांना कुठलाच शब्द एकटा सोडवत नाही. व्हॉइड हा जुन्या फ्रेंचमधून आलेला, अर्थ रिकामं, मोकळं. त्याच्यातूनच अव्हॉइड निघाला. आज त्याचा अर्थ टाळणं, पण आधी अर्थ होता रिकामं करणं, जागा सोडून जाणं. व्हॅकन्सी आणि व्हॅकेशन लॅटिनच्या त्याच बाजूचे, पण त्यांच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल. इथे दहावी-बारावीचे पेपर तपासायला पडलेत, त्यात पूज्य बरीच आहेत.